मेलं म्हंजी सांग मला

अक्का गेल्याची बातमी मला दोनदा आली. पहिली मंद्रूपहून, सकाळी, माझ्या मोठ्या दिरांच्या फोनवरून. दुसरी त्यानंतर काही आठवड्यांनी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, मोबाइलवर आलेल्या छोट्याशा मेसेजमधून. पहिल्या बातमीला काय करायचं ते मला ठाऊक होतं. कुकरखालचा गॅस बंद केला, शाळेत कळवलं, ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही निघालो. दुसऱ्या बातमीला मात्र काय करायचं ते कळेना. डोक्यावरून पाणी घ्यायचं की स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे, हे न सुचून मी सातवीच्या वर्गासमोर खडू हातात धरून नुसती उभी राहिले. मी गणित शिकवते. उत्तर चुकलं तर मी मुलांना फारसं बोलत नाही, पण उत्तर असलंच पाहिजे असा माझा हट्ट असतो, आणि त्यावरून मुलं माझी नक्कलही करतात. अक्कांच्या बाबतीत मला गेल्या दोन वर्षांत एकाही प्रश्नाचं धड उत्तर मिळालेलं नाही. हे लिहायला बसले आहे तेही उत्तर सापडलं म्हणून नव्हे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही, एवढंच.

कमलअक्का माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सोलापुरात नोकरीला होते आणि अक्का नि आण्णा, म्हणजे माझे मोठे दीर, मंद्रूपला शेती बघत होते. ती विभागणी तशीच राहिली. तिकडून ज्वारी, तूर, शेंगा यायच्या. इकडून औषधं, चष्मे आणि सल्ले जायचे. सल्ले अक्का मन लावून ऐकायच्या आणि बाजूला ठेवायच्या. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे त्यांना हसू मराठीत यायचं आणि दुखायचं मात्र कन्नडमध्ये. जनावरांशीही त्या कन्नडच बोलायच्या. "गाय बिचारी मंद्रूपची, तिला काय कळतंय हिचं," असं सासूबाई म्हणायच्या, पण गाय अक्कांनी हाक मारली की यायची. आणि अक्कांची एक सवय होती. कुठलीही बातमी सांगा, चांगली, वाईट, कसलीही, त्या पूर्ण ऐकून घ्यायच्या, मग म्हणायच्या, "बरं. तू जेवलीस का?" माझी नोकरी कायम झाली तेव्हा मी नाचतच फोन केला होता, तर पलीकडून, "बरं. तू जेवलीस का?" माझे वडील गेले तेव्हाही हेच. तेव्हा मला रागच आला होता. जेवण हा काय प्रश्न झाला, असं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला इथल्या गड्ड्याच्या जत्रेसाठी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा लुगड्याच्या निऱ्या त्यांनी नेहमीपेक्षा बऱ्याच वर खोचलेल्या दिसल्या. मी चिडवलं, "अक्का, पोट सुटलंय तुमचं." त्या म्हणाल्या, "खायाला तर दोन घास जात न्हाईत, आन् पोट बघ की कसं आलंय." गावातल्या बायकांनी या वयात पाळणा हलणार म्हणून थट्टा केली होती. एका डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या त्यांनी इमानाने खाल्ल्या होत्या. मी त्यांना सोनोग्राफीला नेलं ते माझ्या मनाच्या समाधानासाठी, आणि तिथून पुढे मनाचं समाधान हा प्रकारच संपला. पोटात पाणी झालं होतं आणि ते पाणी कशामुळे झालं होतं, तर अंडाशयाच्या कॅन्सरमुळे. हा आजार असा गुपचूप वाढतो, बहुतेक बायकांना उशिराच कळतं, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी शांतपणे विचारलं, "लेक झाली, तिचं लगीन झालं, ती मोहोळला नांदती. त्या अंडाशयाचं काम कवाच संपलं. मग आता त्याला काय झालं?"

ऑपरेशन झालं, केमो झाली. अक्का आमच्या पुढच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर राहायला आल्या आणि ती कॉट त्यांचीच होऊन गेली. केमोच्या दिवशी सुई टोचली की त्या डोळे मिटून "साकु, साकु" म्हणायच्या, म्हणजे पुरे, पुरे. नर्स मोहोळकडची, तिला वाटायचं बाई कुठल्या तरी देवाचं नाव घेताहेत. तेही दिवस गेले असते, पण केस गेले आणि अक्का पहिल्यांदा मनाने खचल्या. गुडघ्यापर्यंत येणारी वेणी होती त्यांची. आण्णा दर आठवड्याला मंद्रूपहून यायचे, कॉटशेजारच्या खुर्चीत बसायचे, पाऊसपाण्याचं आणि जनावरांचं बोलायचे आणि परत जायचे. केसांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त एकदा पिशवीतून माक्याच्या तेलाची बाटली काढून त्यांनी खिडकीत ठेवली. स्वतः घरी काढलेलं तेल होतं. अक्का ते रोज बोडक्या डोक्याला चोळायच्या आणि आरशात बघून मला म्हणायच्या, "येतील न्हवं परत?" केस आलेही, बोटभर, मऊ, लहान मुलासारखे. अक्का मंद्रूपला गेल्या, सुगीला रानात उभ्या राहिल्या, आणि मी मनातल्या मनात उत्तराखाली दुहेरी रेघ ओढून मोकळी झाले.

पण ते उत्तर नव्हतं. सहा-सात महिन्यांत पोट पुन्हा भरलं, पुन्हा औषधं सुरू झाली आणि ते बोटभर केसही गेले. आता दर थोड्या दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागायचं. याच दिवसांत श्रावणी आमच्या घरी आली. श्रावणी माझी विद्यार्थिनी. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणिताच्या वहीत एकही खाडाखोड नसलेली अशी ती मुलगी. आता ती इथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कुठूनतरी तिला अक्कांचं कळलं आणि ती भेटायला आली. चहा होईपर्यंत तिने तिचं काम सांगितलं आणि मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण तिचं काम नेमकं याच कॅन्सरवर होतं. मला वाटलं, देवाने दारात औषध आणून उभं केलं. तिने लगेच माझ्या चेहऱ्यावरचं ओळखलं असावं. "मॅडम, औषध नाहीये अजून," ती घाईने म्हणाली. "काचेच्या बशीतल्या पेशींवर काम चाललंय फक्त."

मग तिने अक्कांना समजावून सांगितलं. मी मध्ये मध्ये अडवत होते, अक्का नाही. ती म्हणाली, शरीरातल्या प्रत्येक पेशीला आपली वेळ आली की मरायचं कसं, हे माहीत असतं. कॅन्सरच्या पेशी ते विसरून गेलेल्या असतात. त्यांना ती आठवण करून देणारा एक जीन असतो. तो त्यांच्या आत पोचवायचा, इतकंच माझं काम. पण पोचवायचा कसा? विषाणूला पेशीत शिरायची कला येते, म्हणून काही लोक विषाणूचं विष काढून घेतात आणि त्याच्या पाठीवर हा जीन लादून पाठवतात. पण शरीराला विषाणूची ओळख असते, ते खवळून उठतं. म्हणून आम्ही विषाणू वापरतच नाही, चरबीच्या अगदी बारीक थेंबात जीन गुंडाळतो. अक्का म्हणाल्या, "बरोबर हाय. चोराला कामाला कशाला ठेवायचं?" आणि थोडं थांबून, "म्हंजी गाईला गोळी गुळात घालून चारतो तसं की." श्रावणीला ते फार आवडलं. ती म्हणाली, "हो, पण पेशी गूळ गिळते आणि गोळीसकट पचवूनच टाकते. पचायच्या आत गोळीनं बाहेर निसटायचं, तिथंच आमचं अडतंय. फार थोड्या निसटतात." अक्कांनी पोटावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मरायचं इसरल्यात व्हय त्या..."

पोटातून काढलेलं पाणी दवाखाना फेकूनच देतो, त्यात या पेशी तरंगत असतात, त्या मिळाल्या तर मी माझे थेंब त्यांच्यावर करून बघेन, असं श्रावणीने विचारलं. रीतसर परवानगी, दवाखान्याचं पत्र, सगळं तिने करून आणलं होतं. अक्कांनी सही करायच्या आधी एकच गोष्ट विचारली. "तू त्यास्नी मारणार न्हवं?" श्रावणी म्हणाली, "प्रयत्न करणार." अक्का म्हणाल्या, "मग ने. पर मेलं म्हंजी सांग मला. माझ्या पोटात मरंना झालंय, तितं तरी मेलेलं कळू दे." श्रावणीला पोचवायला फाटकापर्यंत गेले तेव्हा मी तिला जवळजवळ धरलंच. म्हटलं, "बशीत घालतेस ते अक्कांना का नाही घालत? त्यांचं काय वाईट व्हायचं राहिलंय आता?" ती रडवेली झाली. उंदरांवरही अजून झालेलं नाही, माणसाला द्यायला कितीतरी वर्षं लागतील, आणि कदाचित कधीच देता येणार नाही, असं तिने सांगितलं. मला तिचं म्हणणं पटलं आणि तरीही मी रागानेच घरात आले. अक्कांनी विचारलं, "पोरीला रिकाम्या हातानं धाडलीस व्हय?" मी शेंगाची चटणी घेऊन परत फाटकापर्यंत पळत गेले, तोवर ती रिक्षात बसून गेली होती.

पुढे एकदा तिच्या प्रयोगशाळेत जाऊन मी अक्कांच्या पेशी बघितल्याही. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर मला आडव्या-तिडव्या काळ्या रेघा दिसल्या. मी आपलं "वा, छान आहेत" म्हटलं. श्रावणी हसायला लागली. "मॅडम, त्या तुमच्या पापण्या आहेत. पहिल्यांदा सगळ्यांना पापण्याच दिसतात. जरा मागे व्हा." मागे झाल्यावर दिसल्या. पारदर्शक, एकमेकींना चिकटून बसलेल्या, पुंजक्यापुंजक्याने. त्यात अक्कांचं काही ओळखू येईल अशी मला उगाच आशा होती. त्याच दिवशी तिने माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. खरा जीन घालण्याआधी त्या लोकांना एक चाचणी करावी लागते. जिच्यात थेंब नीट पोचेल ती पेशी हिरवी चमकते. काळ्या अंधारात पाच-सहा हिरवे ठिपके होते, बाकी सगळा काळोख. मी तो फोटो अक्कांना दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ घेऊन पुन्हा पुन्हा बघितला. "चांगल्या दिसत्यात की," त्या म्हणाल्या. "इतक्या चांगल्या दिसत्यात आन् वागत्यात बघ कशा." मला हसू आलं, त्याही हसल्या, आणि हसताना पोट दुखलं म्हणून कन्नडमध्ये कळवळल्या.

आमची शेवटची भेट त्याच कॉटवर झाली. "आता हितं नगं, घरी ने," असं त्यांनी आण्णांना सांगितलं होतं आणि आण्णा गाडी घेऊन आले होते. मी त्यांच्या डोक्याला रुमाल बांधत होते. त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं काय झालं? मेलं का?" मी म्हटलं, "अजून नाही अक्का. आठवणीचा जीन आत जातोय, पण पचून जातोय म्हणे." खोटं सांगता आलं असतं. ते तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हेही मला ठरवता येत नाही. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. तू जेवलीस का?" मी "हो" म्हटलं. गाडी गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी आण्णांचा तो फोन आला.

मंद्रूपला अक्कांना हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, आणि बायका म्हणत होत्या की सवाष्ण गेली, भाग्याची गेली. मला त्या भाग्याचा राग आला. माती सावडून आल्यावर सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं. त्यांना कुणीतरी, बहुधा मीच कधीतरी, पेशींबद्दल सांगितलं होतं. "रेखा, तिचं काईतरी सोलापुरात जित्तं हाय म्हंत्यात, खरं का?" मी म्हटलं, "हो आत्या, पण ते अक्का नव्हेत. ते कॅन्सरचं आहे." त्या म्हणाल्या, "तिच्या अंगातनंच काढलंय न्हवं? वाढतंय न्हवं?" मी म्हटलं, "वाढतंय." "मग जित्त्या माणसाचं दहावं कसं करायचं?" मी गणिताची बाई. कॅन्सर वेगळा आणि अक्का वेगळ्या, हे म्हणायला सोपं होतं. पण त्या पेशी दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या, त्या अक्कांच्याच होत्या, अक्कांच्याच अंगात उठलेल्या. मग अक्का कुठे संपतात आणि कॅन्सर कुठे सुरू होतो, ही रेघ मला आजही काढता आलेली नाही.

गावातल्या मोठ्या माणसांनी सासूबाईंची समजूत घातली आणि दहावं झालं. नदीकाठी सगळे कावळ्याची वाट बघत उभे होते. अक्कांची इच्छा राहून गेलेली मात्र मला आणि ह्यांनाच माहीत होती. कावळा शिवणार नाही, मग कुणीतरी वचन द्यावं लागेल, अशी मी मनाची तयारी केली होती, अगदी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण पिंड नीट ठेवून होतो न होतो तोच कावळा आला, चोच मारली आणि गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी तशीच उभी. इच्छाच नव्हती, तर मग ते "सांग मला" काय होतं? परत येताना मी सासूबाईंना म्हटलं, "बघा आत्या, शिवला ना?" त्या म्हणाल्या, "कावळ्याला काय ठावं सोलापुरातलं?"

त्यानंतर आण्णा एके दिवशी न कळवता आमच्याकडे आले. नेहमीच्या खुर्चीत बसले, कॉट रिकामी होती तरी खुर्चीतच. हातात कापडी पिशवी होती. म्हणाले, "त्या पोरीकडं घिऊन चल." मी श्रावणीला फोन केला. तिच्या त्या थेंबाचा नवा प्रकार तयार होता आणि खरं तर ती अक्कांच्या पेशींवर तो वापरणारच होती. काही पेशी तिने गोठवूनही ठेवल्या होत्या, पण त्या पुन्हा जिवंत झाल्या नव्हत्या, बशीतल्याच काय त्या उरल्या होत्या. पण अक्का गेल्याचं कळल्यापासून ती थांबली होती. परवानगी अक्कांनी आधीच दिलेली, तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी का थांबलीस असं विचारलं तर म्हणाली, "हात होईना मॅडम."

प्रयोगशाळेत आण्णांनी चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून श्रावणीच्या टेबलावर ठेवली. "आमचं माणूस तुमच्याकडं हाय," ते म्हणाले, "तुमी बघताय तिचं." श्रावणीने माझ्याकडे बघितलं. आण्णांनी विचारलं, "काय खायाला घालता?" ती म्हणाली, "गुलाबी पाणी असतं. त्यात साखर, क्षार आणि..." आणि थांबली. त्या पाण्यात वासराच्या रक्तातला अंश असतो, हे तिने मला मागे सांगितलं होतं. अक्का अंडंसुद्धा खात नव्हत्या. आण्णा म्हणाले, "साखर हाय न्हवं, मग बरं."

मग त्यांनी जे विचारायला ते आले होते ते विचारलं. "आई म्हंती, मारू नका म्हणावं. तुमच्या औषदानं मरणार असंल तर नगा घालू. ऱ्हाऊ द्या की. कुणाला काय त्रास हाय तिचा?" श्रावणीने हळू आवाजात सांगितलं की या पेशी तशाही फार काळ राहायच्या नाहीत, बशीत त्या आता थकायला लागल्यात. औषध घातलं नाही तर काही न सांगता संपतील, घातलं तर पुढे कुणाच्या तरी उपयोगाचं काही कळेल. आण्णा माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतंय, रेखा?" मला काय वाटत होतं? मारू नका असं वाटत होतं. ज्याने अक्कांना नेलं त्याला एक दिवसही जगू देऊ नका असंही वाटत होतं, अगदी त्याच वेळी. मी मत दिलं नाही, फक्त अक्कांचे शब्द सांगितले. "आण्णा, अक्कांनी हिला सांगितलं होतं, मेलं म्हंजी सांग मला." हे त्यांना माहीत नव्हतं. ते बराच वेळ हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "एकदा बघू द्या."

श्रावणीने बशी आणून मायक्रोस्कोपखाली ठेवली, आण्णांना स्टुलावर बसवलं, कसं बघायचं ते दाखवलं. आण्णांनी एक डोळा गच्च मिटला आणि दुसरा अगदी टेकवला. ते इतके जवळ गेले की काय दिसत असणार ते मला लगेच कळलं. ते हलले नाहीत. त्यांचा एक हात टेबलावर सपाट ठेवलेला होता. बऱ्याच वेळाने, डोळा न काढता, ते म्हणाले, "केस आल्यात की तिचे..."

श्रावणी पुढे झाली, "काका, जरा मागे..." आणि मी तिचं मनगट धरलं. ती थांबली. आण्णा म्हणाले, "काळे आल्यात. चांगले दाट आल्यात." मग ते उठले, धोतराच्या सोग्याने डोळा पुसला आणि श्रावणीला म्हणाले, "बरं झालं. आता करा तुमचं." जिना उतरताना त्यांनी मला विचारलं, "ते तेल लागू पडलं म्हणायचं का गं?" मी "हो" म्हटलं. ज्या बाईने वर्गात कधी पाव गुण फुकट दिला नाही, तिने ते "हो" कसं म्हटलं, मला माहीत नाही. आण्णांना त्यांच्या स्वतःच्या पापण्या दिसल्या होत्या. त्यांनी अक्कांना बघितलं होतं. ही दोन्ही वाक्यं मी समोरासमोर ठेवून बघते आणि मला एकही खोडता येत नाही.

त्यानंतर मधल्या सुट्टीत तो मेसेज आला. "मॅडम, या वेळी आठवण आतपर्यंत पोचली. बहुतेक पेशी गेल्या. काही राहिल्यात." पुढे काहीच नव्हतं, आनंदाचं चिन्ह नाही की दुःखाचं. तिलाही बहुधा कुठलं घालावं ते कळलं नसावं. शाळा सुटल्यावर घरी आले. हे ऑफिसात होते. मी गिझर न लावता डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या केसांनीच डब्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली. यातलं कुठलं चुकलं, की दोन्ही चुकली, ते मी कुणालाच विचारलेलं नाही. मंद्रूपला फोन लावला. आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि मग मागे सासूबाईंचा आवाज आला, काय म्हणतीया, काय म्हणतीया, आणि फोन बंद झाला.

पण ज्यांना सांगायचं कबूल केलं होतं, त्यांना सांगायचं राहिलंच होतं. मी पुढच्या खोलीत गेले. खिडकीत माक्याच्या तेलाची बाटली अजून आहे, तळाशी थोडं तेल आहे, ती हलवायला कुणी धजत नाही. कॉटवर त्यांची चादर घडी करून ठेवलेली आहे. मी कडेला बसले. अक्कांशी मी आयुष्यभर माझ्या शाळेच्या भाषेत बोलले, त्या माझ्याशी त्यांच्या. त्या दिवशी माझ्या तोंडून त्यांचीच भाषा आली. म्हटलं, "अक्का, मेलं ओ. समदं न्हाय मेलं... पर मेलं."

बाहेर भाजीवाल्याचा गाडा चालला होता. मी काय ऐकू यावं म्हणून थांबले होते कुणास ठाऊक. बराच वेळ बसल्यावर माझ्या लक्षात आलं की संध्याकाळ झाली आणि सकाळपासून पोटात त्या साखरेशिवाय काही नाही. मधल्या सुट्टीचा डबा तसाच पिशवीत राहिला होता. ही बातमी ऐकून अक्का काय म्हणाल्या असत्या, हा एकच प्रश्न मला या सगळ्यात नीट सोडवता आला. मी उठले, डबा काढला, आणि कॉटवर त्यांच्या चादरीशेजारी बसून जेवले.